डायलिसिसवरील रुग्णांची आर्थिक ओढाताण

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की रक्तातली घाण आणि अंगात साठलेले पाणी यंत्राने काढावे लागते. या उपचाराला हीमोडायलिसिस म्हणतात. रुग्णांच्या भाषेत 'मशीनवर जाणे'. एका खेपेला साधारण 4 तास, आठवड्यातून 3 खेपा, म्हणजे वर्षाला दीडशेवर. प्रत्यारोपण झाले नाही तर हे जन्मभर. भारतात असंख्य रुग्ण आठवड्याला 2 खेपांवर भागवतात. त्यामागे बहुधा डॉक्टरांचा सल्ला नसतो, पैशाची अडचण असते. खेप चुकली की पाय सुजतात, आडवे झाल्यावर दम लागतो, आणि पोटॅशियम फार वाढले तर हृदय थांबू शकते.

मशीनचा खर्च आता बऱ्याच जणांपुरता सरकार उचलते. 2016-17च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय सुरू झाली. महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण 5 लाखांवर गेले. या योजनांनी अनेकांचा जीव वाचवला, हे आधी सांगितले पाहिजे.

तरीही मोफत डायलिसिस घरच्यांना मोफत पडत नाही. केंद्र बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते. एस.टी.च्या साध्या गाडीत रुग्णाला प्रवास फुकट आहे, पण सुया काढल्यावर रक्तदाब उतरलेला असतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकट्याने परत येववत नाही. मग सोबत कुणीतरी जाते. 3 दिवस, 2 माणसे: आठवड्याला 6 रोज बुडाले. पहाटेची शिफ्ट मिळाली तर एस.टी. उपयोगाची नाही, रिक्षा ठरवावी लागते. रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आणि तपासण्या यांवर अनेकदा पदरचे पैसे जातात, ते वेगळेच.

कमाईवर घाला येतो तो हातातून. डायलिसिससाठी हाताची शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवते. ती थांबली तर फिस्टुला बंद पडला. त्या हाताने ओझे उचलायचे नाही. हमाल, गवंडी किंवा ऊसतोड मजूर यांना हे सांगणे म्हणजे काम सोडा असेच सांगणे. कर्मचारी राज्य विमा असलेल्या कामगाराला अशा दीर्घ आजारात, अटी पूर्ण झाल्यास, सुमारे 80 टक्के वेतन 2 वर्षांपर्यंत मिळू शकते. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा आजाराच्या उपचारखर्चाची वजावटही मिळते. मात्र ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही आणि कर भरण्याइतके उत्पन्नही नाही, त्याच्या हाती यातले काहीच पडत नाही.

स्वयंपाकघरातही खर्च दुहेरी होतो. रुग्णाचे दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवतात. चहा, आमटीही त्यातच धरायची. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. मीठ बेताचे, पण अंडी, पनीर यांसारखे प्रथिनांचे पदार्थ मात्र जास्त हवेत, आणि महाग तेच असतात. भेटायला येणारे मायेने शहाळे आणतात. त्यातल्या पोटॅशियममुळे नेमके तेच चालत नाही.

प्रत्यारोपण झाले तर मशीन सुटते, पण शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. जिवंत दात्यांत आई आणि बायको यांचा वाटा मोठा आहे, म्हणजे घरातले आणखी एक माणूस काही महिने कामाबाहेर.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यांत आहेत. निकामी मूत्रपिंड नाही. त्यामुळे आठवड्याचे 3 दिवस डायलिसिसच्या खाटेवर घालवणाऱ्या माणसाला केवळ या आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही.