परदेशातून सुरू होणारं रिटर्न तिकीट स्वस्त का पडतं: थोडी पार्श्वभूमी

परदेशातून रिटर्न सुरू करायची, म्हणजे आपल्या गावाऐवजी परदेशातल्या गावाहून निघून तिथेच संपणारं तिकीट घ्यायचं, ही आयडिया कार्डाचे पॉइंट्स आणि एअरलाईनचे माइल्स जमवून उडणाऱ्या पोरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी शोधली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ही भानगड कागदी तिकिटांच्या काळातली आहे. महायुद्धानंतर एअरलाईन्सच्या जागतिक संघटनेत बसून भाडी ठरायची, डॉलर आणि पौंडात, आणि चलनांचे दर बांधलेले होते तोवर मुंबई-लंडन काय नि लंडन-मुंबई काय, हिशोब साधारण सारखाच. १९७३ च्या सुमारास चलनं मोकळी सुटली आणि गोंधळ सुरू झाला. संघटनेने भाडी मोजायला एफसीयू नावाचं एक कागदी एकक काढलं, त्याचे दर जुनेच गोठवलेले, बाजारातला दर कुठल्या कुठे गेलेला, मग त्यात दुरुस्त्या, दुरुस्तीवर दुरुस्त्या. एकच प्रवास कुठल्या टोकाकडून मोजता त्यावर पैसे बदलायला लागले. १९८९ ला एफसीयू जाऊन एनयूसी आलं, ते डॉलरच्या बरोबरीचं, आणि गुणाकार सरळ झाला. पण दोन दिशांची भाडी वेगळी राहिली ती राहिलीच, कारण तोवर कंपन्यांना कळून चुकलं होतं की प्रत्येक देशातल्या गिऱ्हाइकाचा खिसा वेगळा असतो.

आता इथे एक शब्द नीट सोडवला पाहिजे, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. लोक म्हणतात "तिकीट परदेशातून काढ". काढ म्हणजे काय? तिथे पैसे भर, की प्रवास तिथून सुरू कर? आपल्या 'तिकीट काढणे' मध्ये दोन्ही मिसळून जातं. ट्रॅव्हल एजंटांच्या भाषेत मात्र याची चार वेगळी खाती होती: सिटी, सोटो, सिटो, सोटी. विक्री प्रवास सुरू होणाऱ्या देशात की बाहेर, आणि तिकीट छापलं त्या देशात की बाहेर, एवढाच त्यांचा अर्थ (इंग्रजी आद्याक्षरं: एस म्हणजे विक्री, टी म्हणजे तिकीट, आय म्हणजे आत, ओ म्हणजे बाहेर). गल्फमधला मुलगा तिकडे पैसे भरायचा आणि मुंबईच्या ऑफिसात आईवडिलांच्या नावाने तिकीट तयार व्हायचं, त्याला पीटीए म्हणायचे, ते सोटी. पैसे दिरहामात भरले तरी भाडं लागायचं भारतातून निघणाऱ्याचंच. म्हणजे भाडं पैसे कुठे भरले त्या गावावरून नाही, पहिलं कूपन (तिकिटातल्या एकेका टप्प्याचा भाग) जिथून उडतं त्या गावावरून ठरतं.

कंपन्यांना ही पळवाट दिसत नव्हती असं अजिबात नाही. वनवे तिकीट जर प्रवासाच्या देशाबाहेर विकलं किंवा छापलं तर उलट्या दिशेचं भाडं बघायचं, ते जास्त असेल तर तेच घ्यायचं, असा नियमच होता, डायरेक्शनल मिनिमम चेक नावाचा. म्हणजे दोन दिशांचे दोन दर ठेवायचे त्यांनीच, आणि स्वस्त दिशेचा फायदा बाहेरचा कोणी घेतोय असं वाटलं की दार लावायचंही त्यांनीच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच.

तर व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशातून नेट वापरतोय असं भासवणारं सॉफ्टवेअर, ज्याने तिकीट स्वस्त पडतं असं बरेच जण म्हणतात. माझा एक चुलतभाऊ अजून व्हीपीएन लावून वेगवेगळ्या देशांच्या साइट उघडून मुंबई-लंडन-मुंबईच शोधत बसतो आणि दोन-चारशे रुपयांचा फरक सापडला की खूश होतो, वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनात पैसे भरल्याचा बँकेचा जादा आकार) भरतो. युरोपात तर २००८ च्या कायद्याने तिथल्या विमानतळांवरून निघणाऱ्या प्रवासासाठी गिऱ्हाईक कुठल्या देशात राहतं यावरून दर बदलायला बंदी आहे. पण प्रवास कुठून सुरू होतो यावरून दर बदलायला कोणीच बंदी घातलेली नाही, आणि खरा पैसा तिथेच आहे.

का आहे, तर थेट विमान असलेल्या शहरातला माणूस वेळ वाचवायला जास्त मोजतो. लंडनवाल्याला न्यूयॉर्कची रांगेने विमानं आहेत, तो मोजतो. डब्लिनवाल्याने आपल्या गावचं थेट विमान सोडून लंडनमार्गे का यावं? म्हणून त्याला सूट. मग लंडनवाल्याने आधी डब्लिन गाठायचं, तिथून लंडनमार्गे पुढे जायचं, शेवटचं मोठं विमान तेच, कधीकधी सीटही तीच. यात सरकारनेही भर घातली. ब्रिटनने १ नोव्हेंबर १९९४ पासून एअर पॅसेंजर ड्यूटी लावली, तेव्हा जवळच्याला ५ पौंड आणि लांबच्याला १०. एप्रिल २०२५ मध्ये भारताइतक्या लांबच्या प्रवासाला ती इकॉनॉमीत ९० आणि बिझनेसला २१६ पौंड झाली होती. पण परदेशातून सुरू झालेल्या तिकिटावर लंडनला फक्त विमान बदललं आणि २४ तासांच्या आत पुढे गेलात तर ती लागत नाही. आयर्लंडने आपला असा टॅक्स २०१४ मध्ये काढूनच टाकला. तिकडच्या फ्लायर मंडळींच्या बोलण्यात "एक्स-ईयू", "एक्स-डब्लिन" (म्हणजे युरोपीय संघातून, डब्लिनहून सुरू होणारं तिकीट) हे शब्द रुजले त्यात या ड्यूटीचा हात मोठा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचा उलटा रिटर्न जरा वेगळा, त्यात टॅक्स नाही, सीझन आहे. भाड्याचा सीझन बहुतेक वेळा जायच्या तारखेवर ठरतो, परतीच्या नाही. न्यू जर्सीहून डिसेंबरात निघाला की पीकचं भाडं. वर्षाला दोन चकरा मारणाऱ्याने एकदा कसंतरी वनवे करून भारत गाठायचा, आणि मग मुंबईहून सुरू होणारी रिटर्न घेत राहायची, म्हणजे डिसेंबरातलं येणं हे कागदावर परतीचं होतं. अडचण त्या पहिल्या वनवेची, जी मोठ्या कंपन्यांकडे बरेचदा रिटर्नच्या अर्ध्यापेक्षा खूप महाग असते, त्यामुळे ती माइल्सवर काढतात.

भांडण पेटलं ते शेवटच्या कूपनवरून, कारण असं रिटर्न संपतं परत त्या परदेशी गावातच आणि लोक तो शेवटचा टप्पा सोडून मधेच उतरतात. कूपनं क्रमानेच वापरा ही अट जुनी. एप्रिल २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक टप्पा सोडला म्हणून बाकीचं तिकीट सरसकट रद्द करणं अन्यायाचं, पण भाड्याची रचना वाचवायला फरक मागता येईल. मग कंपन्यांनी फरक मागायचं कलम लिहिलं. २०१६ मध्ये एकाने ओस्लोहून सुरू होणारं, फ्रँकफर्टमार्गे सिएटलचं बिझनेस रिटर्न घेतलं, परतताना फ्रँकफर्टलाच उतरला आणि बर्लिनला गेला. कंपनीने २,११२ युरोंचा दावा लावला. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने तो फेटाळला, कारण फरकाचा हिशोब कसा होणार हे गिऱ्हाइकाला कलमातून स्पष्ट कळत नव्हतं. कंपनी अपिलात गेली. लोकांनी यातून "शेवटचा टप्पा सोडणं कायदेशीर" असा अर्थ काढला, तो जरा जास्तच आहे, कोर्ट कलमाच्या भाषेवर बोललं होतं.

चलनाचा खेळही संपलेला नाही. व्हेनेझुएलात २०१३-१४ ला सरकारी दराने बोलिवारात तिकिटं विकली जायची, काळ्या बाजारातला दर कितीतरी पट, विमानं महिनोन्महिने फुल्ल. कंपन्यांचे तीन अब्ज डॉलरच्या वर पैसे तिथे अडकले, शेवटी त्यांनी फेऱ्याच कापल्या. नायजेरियात २०२२-२३ ला उलटं झालं, पैसे अडकताहेत म्हटल्यावर कंपन्यांनी लागोसमधून स्वस्त भाड्याचे क्लास बंद केले आणि लोक घानातल्या आक्राला जाऊन तिथून निघायला लागले. एकच कारण, एकदा गाव स्वस्त, एकदा महाग.

सध्या मुंबई-पुणेकडच्या लोकांच्या तोंडी कोलंबो आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला, तिथून निघणारं बिझनेस क्लास गल्फमार्गे बरेचदा मुंबईपेक्षा बरंच कमी दिसतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतातून निघणाऱ्या बिझनेसवर जीएसटी १२ चा १८ टक्के झाल्याने मोह अजून वाढलाय. फक्त मुंबई-कोलंबो हे वेगळं तिकीट असतं, म्हणजे तिथे व्हिसा काढून बाहेर यायचं, बॅग घ्यायची, परत चेक-इन करायचं. आणि ते आधीचं विमान लेट झालं तर पहिलं कूपन वाया, शेवटचं सोडण्यासारखं हे नाही, पुढचं अख्खं तिकीटच रद्द होतं. निदान एक रात्र आधी पोचा.