बास्केट न करणारा उंच मुलगा म्हणजे जागा फुकट?

शाळांच्या बास्केटबॉल संघनिवडीचे दिवस आले की म्हापसा-फोंड्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक ओळ हमखास फिरते: ‘बास्केट न करणारा उंच मुलगा म्हणजे संघातली एक जागा फुकट.’

असं वाटणं साहजिक आहे, फलकावर बास्केटच तेवढे दिसतात. पण रिंग असते ३.०५ मीटरवर, आणि तिच्या अगदी जवळून मारलेला शॉट सर्वांत सोपा. तिथे हात वर करून उभा असलेला उंच मुलगा दिसला की आत घुसलेला खेळाडू थबकतो, चेंडू बाहेर देतो, मग कुणीतरी लांबून मारतो. चेंडूला बोटही न लावता सोपे दोन गुण वाचले, आणि गुणपत्रिकेत त्याची नोंदच नाही!

पडताळायचं तर कागदावर दोन रकाने आखा: तो कोर्टवर असताना आणि बाकावर असताना. प्रत्येकात मिनिटं आणि तेवढ्या वेळात आपल्यावर झालेले गुण लिहा, आणि मिनिटामागे कमी गुण कुठल्या रकान्यात होतात ते बघा. एका सामन्यावर जाऊ नका, पाच-सहा तरी बघा.

मात्र उठसूट उड्या मारून फाउल करणारा उपयोगाचा नाही. पाचव्या फाउलला तो बाहेरच. बाजूला सरकताना पाय जड पडणारा चपळ गार्डसमोर (चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या खेळाडूसमोर) उघडा पडतो, तेही त्याच रकान्यात दिसेल.