बंदरातला गाळ आणि बुडणारा किनारा

४ जानेवारी २०२५ रोजी, पद सोडायला जेमतेम पंधरवडा उरला असताना, जो बायडेन यांनी एका जलसंपत्ती कायद्यावर सही केली. सेनेटमध्ये ९७ विरुद्ध १ आणि प्रतिनिधिगृहात ३९९ विरुद्ध १८ अशा मतांनी तो मंजूर झाला होता. एरवी साध्या ठरावावरही जिथे हाणामारीची वेळ येते, तिथे हे घडलं. 'वॉटर रिसोर्सेस डेव्हलपमेंट अ‍ॅक्ट' असं या कायद्याचं नाव असून २०१४ पासून दर दोन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. बातम्यांमध्ये नेहमीप्रमाणे धरणं, बंदरं, पूरभिंती आणि कोट्यवधी डॉलर्सचे आकडे आले. या कायद्यांच्या मालिकेत गाळाबद्दल जे काही लिहिलं गेलं आहे, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते विज्ञानाच्या दृष्टीने तोच त्यातला सगळ्यात रसाळ भाग आहे.

बंदरात मोठी जहाजं यायची तर जलमार्ग खोल ठेवावा लागतो, आणि नदी-भरतीचं पाणी तर रोज त्यात गाळ आणून टाकत असतं. अमेरिकेत हा उपसा लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे 'आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स'कडे आहे. वर्षाला सरासरी वीस कोटी घनयार्डांहून जास्त, म्हणजे पंधरा कोटी घनमीटरच्या वर गाळ निघतो. तो टाकायचा कुठे? यासाठी 'फेडरल स्टँडर्ड' नावाचा नियम आहे: अभियांत्रिकी आणि पर्यावरणाच्या अटी पाळून जो सगळ्यात स्वस्त पर्याय असेल तो निवडायचा. स्वस्त म्हणजे बहुतेक वेळा खोल पाण्यात नेऊन ओतणं. त्यामुळे किनाऱ्याजवळचा गाळ वर्षानुवर्षं किनाऱ्यापासून दूर जात राहिला, आणि त्याच किनाऱ्यावरची दलदल गाळावाचून खचत राहिली.

२०१६ च्या कायद्याने हा गाळ उपयोगात आणण्यासाठी दहा प्रायोगिक प्रकल्पांना वाट करून दिली आणि नंतरच्या कायद्यांनी ही संख्या वाढवली. २०२० च्या कायद्याने, ज्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी २७ डिसेंबर २०२० रोजी एका मोठ्या खर्च-विधेयकाचा भाग म्हणून सही केली, त्याहून मूलभूत गोष्ट केली. गाळ कुठे टाकायचा याचा हिशेब मांडताना त्याच्या उपयोगातून होणारा आर्थिक आणि पर्यावरणीय फायदाही धरायचा, असं त्यात आलं. आज साधारण ३० ते ४० टक्के गाळ कामी लागतो. २०३० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांवर न्यायचं, असं उद्दिष्ट खुद्द कोअरने जाहीर केलं आहे.

पण गाळ दलदलीत जाऊन बसतो तरी कसा? खरी मजा इथे आहे.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्याकडे अजूनही तुरटी फिरवतात आणि थोड्या वेळात गाळ तळाला बसतो. समुद्रात हेच काम मीठ करतं. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान असतो. आत सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचे पातळ थर असतात. माती घडताना सिलिकॉनच्या जागी कुठे कुठे अ‍ॅल्युमिनियम बसतो, अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम. जागा घेणाऱ्या अणूचा धन भार मूळ अणूपेक्षा कमी असल्याने त्या पापुद्र्यावर कायमचा ऋण भार राहतो. सगळेच कण ऋण भारित, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात.

पाण्यातले धन आयन, म्हणजे धन भार असलेले विरघळलेल्या क्षारांचे अणू, या कणाभोवती ढगासारखे गोळा होतात. नदीच्या गोड्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे हा ढग विरळ आणि जाड असतो: साधारण पाच ते दहा नॅनोमीटर. दोन कण जवळ यायला लागले की आधी त्यांचे ढग भिडतात आणि कण मागे सरतात. समुद्राच्या पाण्यात आयनांची एवढी गर्दी असते की तोच ढग आकसून अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येतो. आता दोन कण अगदी अंगाला अंग लागेल इतके जवळ येऊ शकतात, आणि त्या अंतरावर व्हॅन डर वाल्सचं आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आलेल्या कणांमधली क्षीण ओढ, जिंकतं. कण चिकटतात. दोनाचे चार, चाराचे चारशे, असे पुंजके तयार होतात. नदी खाडीला मिळते तिथे पाणी थोडंसं खारट झालं तरी हे सुरू होतं, त्यासाठी पुरतं समुद्राचं पाणी लागत नाही. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियम आयनावर तीन धन भार असतात, म्हणून तिचा चिमूटभर तुकडा पुरतो. एकच भार असलेल्या सोडियमपेक्षा असा आयन शेकडो पटींनी प्रभावी ठरतो. समुद्र ती कसर प्रमाणाने भरून काढतो.

('आयन' आणि 'भार' हे शब्द वापरून चुंबकीय पाणी, ऊर्जाभारित पाणी, रोग बरे करणारी आयनांची बाटली विकणारे पुष्कळ आहेत. आयन पाण्यात खरोखर काय करतात ते पाहायचं असेल तर खाडीच्या मुखाशी जाऊन गढूळ पट्टा पाहावा. बाटलीचे पैसे वाचतील.)

पुंजके झाल्याने काय साधतं हे स्टोक्सच्या नियमावरून कळतं. स्थिर पाण्यात बारीक कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दोन मायक्रॉनचा सुटा कण दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे एक मीटर खाली जायला त्याला तीन दिवस लागतात. पुंजका आतून पोकळ आणि पाणी धरून असतो, त्यामुळे त्याची घनता पाण्याहून थोडीच जास्त असते. तरीही व्यास शंभर पट झाला की वर्गाचा फायदा घनतेच्या तोट्यावर मात करतो आणि वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्या घरात जातो. तेच एक मीटर अंतर पाऊण तासाच्या आत, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत पार होतं.

भरती-ओहोटीचा फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा. भरतीचं पाणी दलदलीवर चढतं, क्षणभर थबकतं, मग उतरायला लागतं. पाणी थबकलेलं असतं तेवढ्या वेळातच गाळाला तळाशी पोचायचं असतं. सुटा कण त्यात कधीच पोचणार नाही, तो ओहोटीबरोबर परत जाईल. पुंजका पोचतो. शिवाय दलदलीतलं गवत प्रवाहाचा जोर मोडतं आणि चिखलावरच्या सूक्ष्म शैवालांचा चिकट स्राव बसलेला थर धरून ठेवतो. पाणी हलकंसं ढवळलं तर कण एकमेकांवर आदळून पुंजके मोठे होतात, जोरात ढवळलं तर तेच पुंजके फुटतात. म्हणजे शांत, उथळ, खारट पाणी आणि पुरेसा गाळ, या चारही गोष्टी एकत्र आल्या की जमीन उंच होत जाते.

यात एक स्वयंचलित नियंत्रणही आहे. दलदल समुद्रपातळीच्या तुलनेत थोडी खाली गेली की भरतीचं पाणी तिच्यावर जास्त वेळ राहतं, जास्त गाळ टाकतं आणि ती पुन्हा वर येते. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रपातळीची नोंद १८५४ पासून अखंड होते आहे. विसाव्या शतकात तिथे पातळी २० सेंटीमीटरच्या आसपास वाढली, आणि चांगला गाळ मिळणारी दलदल एवढी वाढ सहज पेलते. मात्र पाण्यात गाळच नसेल, तर पाणी कितीही वेळ उभं राहिलं तरी उपयोग नाही. मग दलदल बुडते आणि तिच्यामागच्या वस्तीपुढची लाटा अडवणारी आघाडीच जाते.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाभोवती फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे ही गावं आहेत. तिथे आपली मराठी मंडळी भरपूर, आणि विमान उतरताना खिडकीतून दिसणारे गुलाबी-तांबूस मिठागरांचे चौकोन त्यांच्या ओळखीचे. ही मिठागरं जुन्या दलदलीला बांध घालून केलेली आहेत. उपसागराभोवतीची बहुतेक भरतीची दलदल गेल्या दीडशे वर्षांत अशीच नाहीशी झाली. आता बांध फोडून ती परत आणायचं मोठं काम चालू आहे. अडचण गाळाची. १८५० च्या दशकापासून सोन्यासाठी सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर पाण्याचे प्रचंड फवारे मारून अख्ख्या टेकड्या उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांत लोटल्या गेल्या. १८८४ मध्ये न्यायालयाने ते थांबवलं. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये या गाळाचा हिशेब मांडला, तो शंभर कोटी घनयार्डांच्या वर गेला. शतकभर उपसागर त्या शिदोरीवर जगला. १९९९ च्या सुमाराला पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण एकदम तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलं. शिदोरी संपली होती.

म्हणून डिसेंबर २०२३ मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. रेडवुड सिटी बंदरातून काढलेला सुमारे ९० हजार घनयार्ड गाळ उपसागर ओलांडून हेवर्डजवळच्या 'व्हेल्स टेल' दलदलीसमोर आणला. तो दलदलीवर ओतला नाही. तळ उघडणाऱ्या बार्जमधून समोरच्या उथळ पाण्यात सोडला. लाटांनी तो उचलावा, भरतीने आत न्यावा, आणि वर सांगितलेल्या पुंजक्यांनी बाकीचं काम करावं, अशी योजना. पंप आणि पाइपने चिखल थेट दलदलीत फवारता येतो, पण तो महाग पडतो आणि खालचं गवत गाडलं जायची भीती असते. २०१६ च्या कायद्यातल्या प्रायोगिक कलमाखेरीज हे करायला कोअरला सहजासहजी मुभा मिळाली नसती, कारण जुन्या हिशेबात गवताच्या एका पात्याचंही मोल नव्हतं.

आपल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतही विचार तोच आहे: एका ठिकाणची अडगळ दुसऱ्या ठिकाणचं खत. धरणातला गाळ ट्रॅक्टरने वाहून नेता येतो, खाडीतला भरतीच्या हवाली करावा लागतो, एवढाच फरक.

लुइझियानात हीच भूक कितीतरी मोठी आहे. १९२७ च्या महापुरानंतर १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांधात कोंडलं. पूर थांबले, आणि पुराबरोबर पसरणारा गाळही थांबला. १९३२ पासून तिथली सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. त्यामागे तेलवाहिन्यांसाठी खणलेले कालवे आणि खचणारा भूस्तरही आहे. बांधाला दार ठेवून नदीचा गाळ पुन्हा बाराटारिया खोऱ्यात सोडायचा सुमारे तीन अब्ज डॉलर्सचा प्रकल्प मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून उभा राहत होता. गोड्या पाण्याने तिथल्या डॉल्फिनना धोका, म्हणून अमेरिकी काँग्रेसने २०१८ च्या एका अर्थसंकल्पी कायद्यात सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यातून त्याला खास सूट दिली. कालवं (ऑयस्टर) आणि कोळंबीवर पोट असणाऱ्यांचा विरोध होताच. जुलै २०२५ मध्ये राज्याने प्रकल्प रद्द केला. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, जरी कोळ्यांचं नुकसान खरं होतं आणि त्याची भरपाई आधीच पक्की व्हायला हवी होती.

असल्या कायद्यांबद्दल मोठमोठ्या घोषणा ऐकल्या की एक लक्षात ठेवावं. हा कायदा कामाला मंजुरी देतो, पैसा देत नाही. पैसा दरवर्षीच्या खर्च-विधेयकातून वेगळा यावा लागतो, आणि मंजूर होऊन वर्षानुवर्षं पडून राहिलेली कामं तिथे पुष्कळ आहेत.

शिवाय सगळाच गाळ चालत नाही. बंदराच्या तळाशी तेल, जड धातू, जुनी कारखान्यांची रसायनं बसलेली असतात. सॅन फ्रान्सिस्कोत तर त्या सोन्याच्या खाणींचा पाराही आहे, कारण सोनं वेगळं करायला तो वापरत. चिखलात ऑक्सिजन नसला की जीवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या जास्त विषारी रूपात, रूपांतर करतात, तो माशांत साठतो आणि पुढे माणसांत येतो. म्हणून उपसा करण्याआधी गाळाचे नमुने तपासले जातात, आणि चाचणीत नापास झालेला गाळ दलदलीच्या कितीही जवळचा असला तरी तिकडे नेता येत नाही.