राजछत्र नेमकं करतं काय?

राजाच्या डोक्यावरचं छत्र वैश्विक ऊर्जा खेचून घेतं, वरचा सोन्याचा कळस म्हणजे ॲन्टेना, असले फॉरवर्ड फिरतात. असलं काहीही होत नाही, आणि वाईट याचं वाटतं की छत्रामागचं खरं विज्ञान यापेक्षा कितीतरी भारी आहे, ते बाजूलाच राहतं.

छत्राचा मान जुना आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या असिरियन शिल्पात राजा असुरबनिपाल रथात उभा आहे आणि त्याच्यावर छत्र आहे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यात स्तूपावर लाकडी छत्र आजही बघायला मिळतं. थायलंडच्या राजाला राज्याभिषेकानंतर नऊ थरांचं पांढरं छत्र मिळतं, तोवर सात थरांचं.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे आजच्या घानामधलं असांते राज्य. 1817 साली थॉमस बाउडिच हा इंग्रज त्याच्या राजधानीत, कुमासीला गेला, तिथे त्याला किमान शंभर मोठ्या छत्र्या दिसल्या, एकेकीखाली तीस माणसं मावतील एवढ्या, आणि धरणारे त्या सारख्या वरखाली उसळवत होते.

बघायला मस्तच, पण त्यात फिजिक्सही आहे. छत्रीखाली हवा थंड असते असं आपल्याला वाटतं, तसं नसतं, हवा जवळपास तीच असते, हवामान खात्याचे 40 डिग्रीसुद्धा सावलीतच मोजलेले असतात. छत्री अडवते ते ऊन, म्हणजे रेडिएशन, भर दुपारी चौरस मीटरला साधारण 1000 वॅट. आता हे अडवलेलं ऊन जातं कुठे? थोडं परत फेकलं जातं, बरंचसं कापड शोषतं आणि तापतं, आणि मग ते तापलेलं कापड स्वतःच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं उष्णतेचं रेडिएशन, खाली सोडायला लागतं. हे उत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतं (स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम), म्हणजे कापड 50 डिग्रीला, 323 केल्विनला असेल तर चौरस मीटरला 600 वॅटच्या थोडं वर, आणि तेच 35 डिग्रीवर आणलं तर साधारण 510. शंभरेक वॅट वाचले! छत्री उसळवली की नेमकं हेच व्हायला मदत होते, कापडाला वारा लागून ते निवतं, घुमटाखाली कोंडलेली गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि वर खालच्या माणसाचा घामही वाळतो.

असांते छत्र्यांच्या टोकावर सोन्याचा पत्रा चढवलेल्या लाकडी आकृत्या असतात, त्यातून एखादी म्हण सांगितलेली असते. छत्री म्हणजेच राज्य, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं, 1874 मध्ये कुमासी जाळली तेव्हा राजा कोफी कारीकारीची छत्री त्यांनी व्हिक्टोरिया राणीकडे पाठवली.

आडव्या छत्राची एक अडचण मात्र आहे. सूर्य 45 अंशांवर असेल आणि छत्र डोक्याच्या दोन मीटर वर धरलं असेल तर सावली दोन मीटर बाजूला पडते, राजा उन्हातच. अशा तिरप्या उन्हाला आपल्या पालखीसोबतची उभी अब्दागीर जास्त कामाची, कारण ती सूर्य आणि माणूस यांच्या मधोमध धरता येते.