मकाव ग्रां प्री

मकाव ग्रां प्री : दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील मकाव शहरात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये होणारी मोटारशर्यत. ती रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर, गिया टेकडीभोवतीच्या ६.१२ किमी. लांबीच्या मार्गावर धावली जाते. मुख्य शर्यत उघड्या चाकांच्या एकासनी गाड्यांची, म्हणजे चारही चाके बॉडीबाहेर असलेल्या गाड्यांची असते. तिच्या जोडीला मोटारसायकलींची शर्यत (१९६७ पासून) आणि टूरिंग (नेहमीच्या मोटारींवरून बनवलेल्या) गाड्यांची ‘गिया शर्यत’ (१९७२ पासून) होते. १९५४ पासून एकाही वर्षाचा खंड नाही. २०२३ साली सत्तरावी शर्यत झाली. मकाव डिसेंबर १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे. लिस्बोआ, दोना मारिया ही वळणांची नावे गोव्याच्या वाचकाला परकी वाटणार नाहीत.

उगम : शर्यत कोणाच्या कल्पनेतून निघाली, याची हकीकत दोन धाग्यांची आहे. मकावचा धागा असा की, १९५४ मध्ये फर्नांडो मासेडो पिंटो, कार्लुश दा सिल्वा आणि पावलो आंताश या मोटारींच्या तिघा शौकिनांनी शहरात गाड्यांचा ‘खजिनाशोध’ घ्यायचे ठरवले. हाँगकाँगचा धागा असा की, सल्ल्यासाठी तिथल्या मोटर स्पोर्ट्स क्लबकडे विचारणा झाली, तेव्हा पॉल डु टॉइट यांनी रस्ते पाहून इथे सरळ शर्यतच घ्यावी असे सुचवले. कोणता धागा पुढे करायचा हे बहुधा लिहिणारा कुठला आहे त्यावर ठरते. मूळ हौस मकावची आणि शर्यतीचा घाट हाँगकाँगच्या जाणकारीचा, ही मांडणी अधिक पटते. खजिनाशोधाला गाड्या आणि खाणाखुणांच्या चिठ्ठ्या पुरतात. शर्यतीला मात्र फेऱ्या मोजणारे, वेळ नोंदवणारे, झेंडे दाखवणारे आणि गाड्या तपासणारे लागतात, आणि तो अनुभव क्लबकडे होता. पहिली शर्यत ३० व ३१ ऑक्टोबर १९५४ च्या कार्यक्रमात झाली. पंधरा गाड्या निघाल्या, शर्यत चार तासांची होती आणि ट्रायम्फ टीआर२ चालवणारे एदुआर्दो द कार्वाल्यो जिंकले. मार्गाचा काही भाग तेव्हा दगडी फरशीचा आणि काही कच्चा होता.

ही शर्यत उघड्या चाकांची केव्हापासून मानायची, हा दुसरा वादाचा मुद्दा. पहिल्या काही वर्षांच्या विजेत्या गाड्या साऱ्या स्पोर्ट्स प्रकारच्या होत्या : १९५५ ची ऑस्टिन-हीली, १९५७ ची मर्सिडीज ३०० एसएल, १९५८ ची अॅस्टन मार्टिन, १९५९ व १९६० ची जॅग्वार एक्सकेएसएस. १९६२ मध्ये फिलिपिन्सचा आर्सेनिओ ‘डोडजी’ लॉरेल लोटस २२ या एकासनी गाडीतून जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून इथला पहिला दुहेरी विजेता ठरला. म्हणून काही जण १९६२ ही सीमारेषा धरतात. पण १९६४ मध्ये अल्बर्ट पून ज्या लोटस २३ मधून जिंकला, ती झाकल्या चाकांची दोनआसनी गाडी होती. त्या काळी दोन्ही प्रकारच्या गाड्या एकत्र पळत. तेव्हा एका वर्षाला ठसा मारण्यापेक्षा, हा बदल १९६० च्या दशकात हळूहळू होऊन दशकाच्या उत्तरार्धात पक्का झाला, असे म्हणणे सुरक्षित. १९६७ मध्ये लॉरेलची गाडी समुद्राकडच्या भिंतीवर आदळून पेटली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. या शर्यतीतील हा पहिला मृत्यू. वळणांमागे मोकळी जागा नसण्याची किंमत त्यातून पहिल्यांदा सर्वांना दिसली.

मार्ग : गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. मार्गाचे दोन भाग एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एक भाग बंदराकाठचा : फेरीच्या शेवटच्या, आर नावाच्या वळणातून बाहेर पडल्यावर रेझर्व्हॉयर आणि मँडरिन ही दोन वळणे अॅक्सिलरेटरवरून जवळजवळ पाय न उचलता घेत लिस्बोआपर्यंत सुमारे २ किमी. भरधाव. उरलेला टेकडीवरचा : साओ फ्रान्सिस्कोचा चढ, मॅटर्निटी, सॉलिट्यूडची नागमोड, मूरिश, दोना मारिया, मग मेल्को आणि फिशरमन्स. सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागांत सुमारे ३० मी. फरक आहे. लिस्बोआ हे उजवीकडचे जवळजवळ काटकोनी वळण. त्याला नाव शेजारच्या हॉटेलामुळे पडले, पूर्वी त्याला पुतळ्याचे वळण म्हणत. मेल्को हे सर्वांत अवघड. तिथे रस्ता जेमतेम ७ मी. रुंद असून गाडीला जवळजवळ उलटे फिरावे लागते. एक गाडी आडवी झाली की मागची सारी रांग ठप्प होते. त्यामुळे या वळणावर धोक्याचा पिवळा झेंडा कायम असतो आणि ओव्हरटेकिंगला बंदी असते. नेहमीच्या शर्यतमार्गांसाठी बसवलेल्या स्टिअरिंगने चाके इतकी वळत नाहीत, म्हणून संघ फक्त मकावसाठी स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा दांडा) बदलून चाकांचा वळण-कोन वाढवून घेतात. हे विसरणाऱ्याला मेल्कोत मागे-पुढे करत गाडी काढावी लागते, तोवर मागे कोंडी झालेली असते.

गाडीची मांडणी : मकावला गाडी जुळवणे म्हणजे तडजोड, आणि ती कोणत्या बाजूने करायची यावर शर्यत ठरते. मागचा पंख, म्हणजे गाडीच्या मागची आडवी पट्टी, जास्त उभा ठेवला तर डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, वाढतो आणि टेकडीवर गाडी भिंतींच्या मधून विश्वासाने नेता येते. पण त्याच पंखामुळे सरळ रस्त्यावर हवा गाडीला मागे ओढते आणि लिस्बोआआधी मागचा चालक स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीमागच्या विरळ हवेत, शिरून सहज पुढे निघतो. म्हणून बहुतेक संघ पंख आडवा करून घेतात आणि गेलेली पकड स्प्रिंग, अँटिरोल बार (गाडीचे कलणे रोखणारी सळई) व डँपर (धक्के शोषणारा भाग) मऊ करून मिळवायचा प्रयत्न करतात. मऊ गाडी उंचवट्यांवर चाके जमिनीला धरून ठेवते. मात्र ब्रेक मारताना नाक खाली झुकते आणि तळ घासू नये म्हणून गाडी थोडी उंच ठेवावी लागते. तेवढाच तळाखालून मिळणारा डाउनफोर्सही कमी होतो. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते, हे इथे प्रत्येक सेटिंगला लागू आहे.

पकड दिवसागणिक बदलते. शर्यतीच्या दिवसांतही संध्याकाळी रस्ते रहदारीला खुले होतात, त्यामुळे सकाळी मार्गावर धूळ, डिझेल आणि तेलाचा थर असतो. पहिल्या सरावात म्हणून कोणी घाई करत नाही. रबराचा थर चढत जातो तसे फेरीचे वेळ झपाट्याने उतरतात, आणि गुरुवारी बरोबर बसलेली मांडणी शनिवारी चुकीची ठरते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात. १९८३ ते २०१५ पर्यंत सर्वांना योकोहामाचे टायर दिले जात. युरोपातून येणारे चालक वर्षभर दुसऱ्या टायरांवर धावलेले असत. योकोहामा तापायला किती फेऱ्या लागतात, हे त्यांना इथेच शिकावे लागे. २०१६ पासून पिरेली आले.

भिंतीला नुसते चाक घासणे ही इथली रोजची गोष्ट आहे. घासणीने रिम वाकते, किंवा चाकाची दिशा धरणारी बारीक सळई वाकते. चालकाला ते स्टिअरिंग वाकडे झाल्यावरच कळते. मागच्या चाकाची सळई वाकली तर जास्त घातक, कारण सरळ रस्त्यावर ती जाणवत नाही आणि मँडरिनच्या वेगात एकदम गाडी फिरवते. टेकडीवर सुटकेच्या गल्ल्या फारशा नसल्यामुळे अडकलेली गाडी क्रेनने कठड्यावरून उचलावी लागते. तेवढ्यासाठी सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार पुढे येते किंवा लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली जाते.

फॉर्म्युला थ्रीचा काळ : उघड्या चाकांच्या गाड्यांचे नियमांनी ठरवलेले वर्ग ‘फॉर्म्युला’ या नावाने ओळखले जातात. १९७० च्या दशकातील अनेक शर्यती फॉर्म्युला पॅसिफिक या वर्गाच्या गाड्यांच्या झाल्या. जॉन मॅक्डॉनल्ड, व्हर्न शुपन, रिकार्डो पात्रेझे, जेफ लीस हे त्या काळचे विजेते. हा वर्ग मागे पडू लागल्यावर आयोजकांना अधिक वेगवान फॉर्म्युला टू हवी होती. पण त्या गाड्यांच्या निकषांसाठी मार्गात बदल करावे लागले असते. मार्ग तसाच ठेवून १९८३ पासून तिच्याखालची फॉर्म्युला थ्री निवडली गेली. मकावची आजची प्रतिष्ठा या निर्णयातून आली आहे. फॉर्म्युला थ्रीच्या शर्यती तेव्हा देशोदेशी होत, पण वर्षअखेर सगळे विजेते एकत्र भिडण्याची जागा मकावच झाली. पहिल्याच वर्षी आयर्टन सेना जिंकला. पुढे डेव्हिड कूल्टहार्ड (१९९१), राल्फ शुमाखर (१९९५), मकावचाच आंद्रे कुतो (२०००), ताकुमा सातो (२००१) हे विजेते झाले. एदोआर्दो मोर्तारा, फेलिक्स रोजेनक्विस्ट आणि डॅन टिकटम यांनी ओळीने दोन-दोन वेळा विजय मिळवला.

निकाल आधी दोन टप्प्यांच्या एकूण वेळेवर लागे. १९९० साली त्या नियमाचा एक विलक्षण परिणाम दिसला. पहिला टप्पा मिका हाक्किनेनने जिंकला होता, त्यामुळे दुसऱ्यात मायकेल शुमाखरच्या मागे थोड्या अंतरावर राहूनही तो एकूण पहिला आला असता. तरीही शेवटच्या फेरीत सरळ रस्त्यावर त्याने ओव्हरटेक करायचा प्रयत्न केला आणि त्याची गाडी शुमाखरच्या मागच्या भागावर आदळली. हाक्किनेन तिथेच थांबला. शुमाखर मागच्या पंखाशिवाय रेषेपार गेला आणि विजेता ठरला. २००० च्या दशकात ही पद्धत सोडून देण्यात आली. त्यानंतर १० फेऱ्यांची पात्रता शर्यत अंतिम शर्यतीच्या सुरुवातीला उभे राहण्याचा क्रम ठरवू लागली आणि विजेता फक्त १५ फेऱ्यांच्या (९१.८ किमी.) अंतिम शर्यतीवरून ठरू लागला.

२०१७ मध्ये शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणाला, आर वळणाला, सेर्जिओ सेट्टे कामारा पुढे होता. फर्डिनांड हाब्सबुर्गने बाहेरून जोर मारला. दोघेही वेग आवरू न शकल्याने कठड्यावर गेले आणि तिसऱ्या क्रमांकावरचा टिकटम त्यांच्या बाजूने निघून जिंकला. हाब्सबुर्ग मोडकी गाडी ओढत चौथा आला. आर वळणाच्या बाहेरच्या कडेला पकड कमी असते. तिथे आतल्या गाडीच्या बरोबरीने वेग नेला की बाहेर भिंतीशिवाय काही उरत नाही.

१८ नोव्हेंबर २०१८ च्या अंतिम शर्यतीत लिस्बोआच्या आधी सतरा वर्षांच्या जर्मन चालक सोफिया फ्लोर्शची गाडी पुढच्या, मुंबईच्या जेहान दारुवालाच्या गाडीला लागली. तिची डावीकडची चाके तुटली. वेग २७६.२ किमी./तास नोंदला गेला. ब्रेक लागू शकत नसलेली गाडी वळणाच्या आतल्या उंच कडेवरून उडाली, शो त्सुबोईच्या गाडीला लागली आणि कठड्यावरून छायाचित्रकारांच्या जागेवर जाऊन आदळली. फ्लोर्शच्या पाठीचा मणका मोडला. त्सुबोई, दोन छायाचित्रकार आणि एक मार्शल यांनाही इजा झाली, पण जीवितहानी झाली नाही. शस्त्रक्रियेनंतर फ्लोर्श २०१९ मध्ये याच मार्गावर पुन्हा उतरली. उघड्या चाकांच्या गाडीत एका चाकाचा दुसऱ्या गाडीच्या चाकाला नुसता स्पर्श झाला तरी फिरणारे रबर दुसऱ्यावर चढून गाडी उडू शकते. लिस्बोआला हा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे गाड्या एकमेकींना खेटून ब्रेक मारतात.

अलीकडचा काळ : २०१९ मध्ये ३.४ लीटर व्ही६ इंजिनाच्या, सुमारे ३८० अश्वशक्तीच्या नव्या फॉर्म्युला थ्री गाड्या आल्या. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत कोविड महामारीच्या निर्बंधांमुळे परदेशी चालक येऊ शकले नाहीत आणि शर्यत फॉर्म्युला थ्रीच्या खालच्या, फॉर्म्युला फोर गाड्यांवर झाली. पहिली दोन वर्षे मकावचा चार्ल्स लिओंग आणि तिसऱ्या वर्षी अँडी चँग जिंकला. २०२३ मध्ये फॉर्म्युला थ्री परतली व ल्यूक ब्राउनिंग जिंकला. २०२४ पासून मुख्य शर्यत फॉर्म्युला रीजनल (फॉर्म्युला फोर आणि फॉर्म्युला थ्री यांच्या मधला वर्ग) विश्वचषकाची असून तिच्या टर्बो गाड्या सुमारे २७० अश्वशक्तीच्या, म्हणजे २०१९ पूर्वीच्या फॉर्म्युला थ्रीच्या जवळच्या ताकदीच्या आहेत. त्या वर्षी अमेरिकेचा उगो उगोचुक्वू जिंकला.