लोणारचं विवर अन् रियुनियनचा ज्वालामुखी: खडक एका खानदानातला, खड्डे वेगळ्या जातीचे

लोणारचा विषय निघाला की चार माणसांत एकजण तरी हमखास म्हणतोच, "अरे तिथं पहिले ज्वालामुखी होता नं." दुसरा म्हणतो, "नाही बाप्पा, उल्का पडली होती." मग दोघांचं जुंपते. गंमत अशी की पहिल्याचंही सगळंच चुकत नाही. लोणारचा खडक ज्वालामुखीचाच आहे, खड्डा मात्र त्याचा नाही. अन् हे नीट समजून घ्यायचं असेल तर शेजारी एक खराखुरा ज्वालामुखीवाला खड्डा ठेवून पाहावा लागते, त्यासाठी हिंदी महासागरातलं रियुनियन बेट एकदम फिट आहे. का, ते सांगतो.

आधी खडक. पश्चिम विदर्भात कुठंही विहीर खांदा, वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कठीण दगड, अन् कधीकधी मधातच एक लालसर पट्टा लागते आणि त्याच्या खाली परत काळा दगड. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. एक थर आला, गार झाला, उन्हापावसानं त्याची वरची बाजू सडून लाल माती झाली, मग त्याच्यावर दुसरा थर आला, असं थरावर थर चढत गेलं. हे झालं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. पण तेव्हा आपल्याकडं पिक्चरमध्ये दाखवतात तसा टोकदार डोंगर फुटला नव्हता, जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून पातळ लाव्हा पसरत गेला, म्हणून विदर्भात ज्वालामुखीचं 'तोंड' शोधायला निघाल तर काही हाती लागणार नाही.

आता बऱ्याच भूगर्भशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की जमिनीखालच्या ज्या तापलेल्या जागेतून, म्हणजे हॉटस्पॉटमधून, आपला लाव्हा आला, तोच हॉटस्पॉट आज रियुनियनखाली आहे. तो बऱ्यापैकी जागच्या जागी राहिला, आपली भारताची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा सरकता तुकडा, त्याच्यावरून उत्तरेकडं सरकत आली, आणि मागं खुणा सुटत गेल्या: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस अन् शेवटी रियुनियन. लोणारपासून हे बेट पाचेक हजार किलोमीटर दूर. आकार अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यापेक्षाही लहान, राज्य फ्रान्सचं. तिथं दोन मोठे डोंगर आहेत. पितों दे नेज हा ३ हजार मीटरच्या वर, केव्हाच थंड झालेला. दुसरा पितों द ला फुर्नेज, २,६३२ मीटर, आणि हा जगातल्या सगळ्यात जास्त चालू असणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक, काही वर्षं तर वर्षातून दोन-दोन तीन-तीन वेळा फुटते.

या फुर्नेजच्या माथ्यावर दोलोम्यू नावाचा खड्डा आहे, रुंदीनं किलोमीटरभराच्या आसपास. लोकांना वाटते की असा खड्डा म्हणजे खालून स्फोट होऊन वरचा भाग उडाला. तसं नाही झालं तिथं. एप्रिल २००७ मध्ये डोंगराच्या खालच्या अंगाला, समुद्रापासून बरंच जवळ, जमीन फाटली आणि तिथून लाव्हा भडाभडा निघून हायवे ओलांडून थेट समुद्रात गेला. डोंगराच्या पोटात साठलेला माल बाजूनं निघून गेला तर वरच्याला आधार कशाचा राहणार? जुन्या वाड्यात पेव असायचं नं, ज्वारी काढून रिकामं झालेलं पेव वरून धसते, सेम तसं दोलोम्यूचा तळ काही दिवसांत टप्प्याटप्प्यानं खाली बसत गेला, तीनशे मीटरपेक्षा जास्त. म्हणजे हा खड्डा बसल्यामुळं झाला, उडाल्यामुळं नाही. त्याच्याभोवती आठेक किलोमीटर रुंदीचं आणखी मोठं खोलगट मैदान आहे, आंक्लो फुके म्हणतात त्याला, तेही जुन्या काळी असंच जमीन बसून झालं असं मानतात.

लोणारमध्ये सगळं याच्या उलटं आहे. तिथं डोंगरच नाही. मेहकरकडून जाताना पऱ्हाटी-सोयाबीनची सपाट वावरं पाहत पाहत तुम्ही काठावर पोचता अन् एकदम समोर जमीन गायब. रुंदी साधारण १.८ किलोमीटर, काठापासून तळ्यापर्यंत खोली दीडशे मीटरच्या घरात. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि पुढं शंभरावर वर्षं मोठमोठे जाणकारसुद्धा हे ज्वालामुखीचंच प्रकरण धरून चालले. त्यांना दोष देता येत नाही, चहूकडं लाव्ह्याचा दगड अन् मधात गोल खड्डा दिसल्यावर माणूस दुसरं काय म्हणेल?

पण काठ नीट पाहा. लोणारच्या आजूबाजूचे लाव्ह्याचे थर आडवे, सपाट आहेत. तेच थर खड्ड्याजवळ आले की वर उचलले जातात, बाहेरच्या बाजूला वाकतात, काही ठिकाणी तर पार उलटे झालेत. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच, आणि त्याच्या बाहेर किलोमीटरभरापर्यंत फुटलेल्या दगडांचा पसारा. म्हणजे माल आतून बाहेर फेकला गेला. रियुनियनच्या त्या मोठ्या खोलगट मैदानाच्या कड्यावर उभं राहिलं तर थर सुरीनं कापल्यासारखे दिसतात, मधला भाग फक्त खाली गेला, उकरलेला ढीग काठावर नाही. मला विचाराल तर बाकीचं सगळं विसरलं तरी चालते, काठ वाचता आला की अर्धं भांडण मिटलं.

उरलेलं अर्धं लॅबमध्ये मिटलं. १९७३ मध्ये लोणारच्या दगडात मास्केलिनाइट सापडल्याचं छापून आलं. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज न वितळता नुसत्या धक्क्यानं काचेसारखं झालं की ते मास्केलिनाइट. एवढा दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही, त्याला प्रचंड वेगात येऊन आदळणारंच काहीतरी लागते. तळ्यात बोअर मारले तेव्हाही शंभरेक मीटर गाळाखाली चुराडा झालेला खडक लागला, लाव्हा वर यायची नळी नाही सापडली.

वयाचा घोळ मात्र आहे. एका पद्धतीनं लोणारचं वय पन्नासेक हजार वर्षं येते, दुसऱ्या पद्धतीनं, दगडातला आर्गॉन वायू मोजून, पाच लाख सत्तर हजार. दहापटीचा फरक! पण कोणताही आकडा धरला तरी उल्का पडली तेव्हा आपला लाव्हा गार होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली होती.

रियुनियनवर आणखी एक फसवणूक आहे, जाता जाता सांगतो. माफात, सिलाओस आणि सालाझी अशा तीन भल्यामोठ्या वाट्या नकाशावर दिसतात, त्यांनाही लोकं ज्वालामुखीची तोंडं समजतात. त्या मुख्यतः पावसानं कोरलेल्या आणि ढासळलेल्या आहेत. पाऊस म्हणजे कसा, तर जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक या जागी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर, बुलढाण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या दुपटीला भारी. त्या माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही, पायी जा नाहीतर हेलिकॉप्टरनं.

आता पाण्याचं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा खालून ज्वालामुखी जागा झाला का असं विचारणारेही होते. खाली काहीच नाही जागं व्हायला. तळ्यात पाणी येते, बाहेर जायला वाट नाही, उन्हानं उडते अन् क्षार मागं राहतात, त्या वर्षी पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि खाऱ्यात जगणारे बारीक जीव मातले, त्यांचाच तो रंग. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून हेच सांगितलं, पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग गेलाही.