गाड्यांशिवाय इटली : तोस्काना आणि उंब्रियाच्या डोंगरातून सायकलवर

इटलीच्या सायकल टूरची चौकशी करणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, चढ किती आहे आणि गाड्या किती आहेत. दोन्हीचं उत्तर तुम्ही रस्ता कुठला निवडता त्यावर आहे. मध्य इटलीत सपाट जमीन कमीच, जुनी गावं सगळी टेकडीच्या माथ्यावर, आणि नेहमीचे रस्ते त्या टेकड्या चढत उतरत जातात. पण याच डोंगरांत कमी चढाच्या दोन जागा सापडतात, जिथून पूर्वी रेल्वे जायची ती आणि जिथून पाणी वाहतं ती. आमची टूर याच दोन गोष्टींवर बांधलेली आहे, म्हणून बुकिंग करायच्या आधी हे पत्रक नीट वाचा, फोटो बघून ठरवू नका.

सुरुवात तोस्कानातल्या आरेत्झोपासून. इथून किउसीपर्यंत 62 किलोमीटरचा 'सेंतिएरो देल्ला बोनिफिका' हा सायकलमार्ग कालव्याच्या काठाने जातो. वाल्दिकियाना नावाचं हे खोरं शेकडो वर्षं दलदल होती, मलेरियाचं घर, लोक वर टेकड्यांवरच राहायचे, आजही कोर्तोना आणि मोंतेपुल्चानो लांबून डोक्यावर दिसतात ते त्यामुळेच. लिओनार्दो दा विंचीने 1502 च्या आसपास या खोऱ्याचा नकाशा काढला होता. पुढे 18व्या शतकाच्या शेवटी वित्तोरियो फोस्सोम्ब्रोनी या इंजिनिअरने कामाला जोर दिला, पद्धत अशी की पावसाळी नद्यांचं गढूळ पाणी बांध घातलेल्या शेतात सोडायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून द्यायचं, असं करत करत जमीन वर आली आणि जी कियाना नदी आधी दक्षिणेला तिबेर (टायबर) नदीकडे जायची तिचं पाणी उत्तरेला आर्नो नदीकडे वळलं. त्या कालव्याची आणि दारांची देखभाल करणाऱ्या माणसांसाठी जी वाट होती तीच आता सायकलवाल्यांची झालीय. चढ जवळपास नाहीच. खडीचा रस्ता आहे, सावली कमी आहे, दक्षिणेकडे मोंतेपुल्चानो आणि किउसीचे दोन तलाव लागतात तिथे पक्षी भरपूर, दुर्बीण असेल तर आणा. एका दिवसात 62 किलोमीटर होतात पण आम्ही दोन दिवसांत करतो, कारण मध्ये थांबून बघण्यासारखं खूप आहे आणि पहिल्याच दिवशी कुणाला थकवायचं नाहीये.

किउसीवरून ट्रेनने तेरोंतोलाला गाडी बदलून असीसीला जातो. इटलीत रेजिओनाले म्हणजे पॅसेंजर गाड्यांमध्ये सायकलचं चिन्ह असलेल्या डब्यात सायकल चढवता येते, तिचं वेगळं तिकीट असतं, साधारण साडेतीन युरो, दिवसभर चालतं. हाय-स्पीड गाड्यांत अशी उभी सायकल चालत नाही, तिथे ती घडी करून किंवा सुटी करून बॅगेत घालावी लागते. म्हणून आमचा प्रवास मुद्दाम हळू गाड्यांचा आहे.

असीसी ते स्पोलेतो हा दुसरा टप्पा, साधारण 50 किलोमीटर, उंब्रियाच्या खोऱ्यातून ओढ्यांच्या आणि छोट्या नद्यांच्या बांधावरून. सपाट, बऱ्याच ठिकाणी डांबरी, शेतकऱ्याचा एखादा ट्रॅक्टर किंवा गाव ओलांडताना थोडा रस्ता सोडला तर गाड्या नाहीत. लहान मुलं आणि साठीच्या पुढचे आई-बाबा सोबत असतील तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. डाव्या हाताला डोंगराच्या उतारावर ऑलिव्हची झाडं असीसीपासून स्पोलेतोपर्यंत पसरलेली दिसतात, त्रेवी गाव तर त्या हिरव्या-करड्या उतारावर एका टोकाला चिकटवून ठेवल्यासारखं. वाटेत बेवान्याला रोमन काळातलं मोझेक आहे, जेवायलाही तिथेच थांबतो. कान्नाराचा कांदा पूर्ण इटलीत प्रसिद्ध आहे, सप्टेंबरमध्ये गावात कांद्याचा उत्सव असतो, त्या तारखांना टूर असेल तर संध्याकाळ तिथेच काढतो. एक लक्षात ठेवा, 2026 हे असीसीचे संत फ्रान्सिस यांच्या निधनाला 800 वर्षं झाल्याचं वर्ष आहे, असीसीत गर्दी असणार आणि राहायची सोय लवकर भरणार.

आता तिसरा टप्पा, आणि खरं सांगायचं तर आमचा जीव यातच आहे. स्पोलेतो ते नोर्चा ही 1926 मध्ये सुरू झालेली छोटी विजेची रेल्वे होती, साधारण 51 किलोमीटर, रूळ 950 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा जरा रुंद पण जातकुळी तीच, डोंगराला वळसे घेत घेत चढणारी. 1968 मध्ये ती बंद झाली. रूळ निघाले पण 19 बोगदे आणि दगडी कमानींचे उंच पूल तसेच राहिले, आणि आता त्या वाटेवरून सायकल जाते. रेल्वेला खडा चढ चढता येत नाही म्हणून इंजिनिअरनी रस्ता लांबवला, बोगद्यात वळण घेतलं, परत बाहेर काढलं, त्यामुळे सगळ्यात जास्त चढ साडेचार टक्के. हा चढ लांब आहे पण छाती फुटणारा नाही, गिअर हलका ठेवून गप्पा मारत चढता येतो.

काप्रारेच्चाचा बोगदा मात्र जवळजवळ दोन किलोमीटरचा. आत दिवे नाहीत असं धरूनच या. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो, छतातून पाणी ठिबकतं, आणि तुमच्या लाइटचा गोल झोत सोडला तर काहीच दिसत नाही. शिरायच्या आधी थांबा, गॉगल काढा, जॅकेट घाला, पुढचा मागचा लाइट चालू करा आणि सोबतच्या माणसाशी थोडं अंतर ठेवून सावकाश चला. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आम्ही देतो, इटलीच्या कायद्याने बोगद्यात ते सायकलस्वाराला सक्तीचं आहे, रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावरसुद्धा. हेल्मेट मोठ्यांना कायद्याने सक्तीचं नाही पण आमच्या टूरवर आहे, यात सूट मिळणार नाही. बोगदा संपला की नेरा नदीच्या खोऱ्यात उतार लागतो, पुलावरून मागे वळून बघितलं की आपण आत्ताच आलो ती वाट वरच्या बाजूला दिसते आणि लोक तिथे हमखास थांबतात. उतारावर खडी सुटी असते, एकटा पुढचाच ब्रेक दाबू नका.

2016 च्या भूकंपात या भागाचं फार नुकसान झालं, नोर्चाचं सान बेनेदेत्तोचं बॅसिलिका (मोठं चर्च) कोसळलं. डोंगरात दरड पडली तर मार्गाचे तुकडे बंद होतात, म्हणून कुठपर्यंत सायकल न्यायची हे आम्ही निघायच्या आठवड्यात ठरवतो. उरलेला भाग गाडीने होतो आणि त्याचे जादा पैसे लागत नाहीत.

सिएनाच्या टेकड्यांतले सायप्रसच्या रांगांमधले पांढरे रस्ते टूरमध्ये का नाहीत असं बरेच जण विचारतात. ते रस्ते सुंदर आहेत यात वादच नाही, 1997 मध्ये गायोले इन कियांतीला 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची राइड सुरू झाली तीच मुळी त्यांचं डांबरीकरण होऊ नये म्हणून. पण ते गाड्यांसाठी उघडे आहेत, कार गेली की धुळीचा लोट येतो आणि काही चढ दहा टक्क्यांच्या वर जातात. ज्यांचे पाय तयार आहेत त्यांना आम्ही तो एक दिवस वेगळा जोडून देतो, बाकीच्यांना आग्रह करत नाही.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी लोकांचं चांगलं भागतं, पिची नावाच्या जाड शेवया लसूण-टोमॅटोत, रिबोल्लिता म्हणजे पाव आणि भाज्यांचं दाट सूप, आणि कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर तर आपल्या माणसांना पहिल्या घासालाच आवडते. नोर्चा मात्र डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, सूपमध्ये तुकडे घातले नाहीत ना हे आम्ही तिथल्या भाषेत विचारून घेतो. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, कडक शाकाहारी किंवा जैन असाल तर आधीच कळवा. दुपारी एक ते साधारण चार छोट्या गावातली दुकानं बंद असतात, म्हणून केळी-बिस्किटं सकाळीच घ्यायची. नळाजवळ 'नॉन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका, नाहीतर गावातल्या कारंज्यांचं पाणी बिनधास्त भरा.

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, एवढ्याच काळात आम्ही जातो. जुलै-ऑगस्टला कालव्याच्या काठावर ऊन सहन होत नाही आणि 15 ऑगस्टच्या सुट्टीच्या सुमारास सगळी इटली फिरायला निघालेली असते.

सायकल तिथेच भाड्याने मिळते, 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरवाली, ई-बाइक हवी तर तीही. स्वतःची ई-बाइक इथून न्यायचा विचार करू नका, तिची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि 30 हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, दोन्हीची कागदपत्रं आम्ही तपासून देतो.

बुकिंग करताना उंची, पायाची आतल्या बाजूने मोजलेली लांबी (भिंतीला टेकून, बूट काढून, दोन पायांच्या मध्ये पुस्तक धरून मोजा) आणि गुडघ्याचा किंवा पाठीचा काही त्रास असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, त्यावरूनच फ्रेमची साइझ आणि साधी सायकल की ई-बाइक हे ठरतं.